टीएमएसच्या खुर्चीत पहिल्यांदा बसताना: पीटीएसडी असलेल्यांसाठी वाटाड्या

टीएमएस म्हणजे डोक्यावर चुंबकीय ठोके देऊन मेंदूच्या ठरावीक भागावर काम करणारा उपचार. त्याचं यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी जाणवतो तो आवाज. टक्-टक्-टक्-टक्, कोरडा, धारदार, कानाच्या अगदी जवळ. नैराश्यासाठी हा उपचार घेणाऱ्याला त्याचा फार तर कंटाळा येतो. पण ज्याच्या मनात स्फोटाचा, गोळीबाराचा किंवा दारावर आदळणाऱ्या मुठीचा आवाज अजून ताजा आहे, त्याला हाच टकटकाट दरदरून घाम फोडू शकतो. त्यात डोकं एका जागी टेकवून ठेवायचं, पाठीमागे कुणीतरी उभं आणि डोक्याला परक्या हाताचा स्पर्श. म्हणून पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारासाठी, टीएमएसचा विचार करत असाल, तर नैराश्याच्या रुग्णांसाठी छापलेली माहितीपत्रकं तुम्हाला अर्धीच उपयोगी पडतील. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

यंत्र करतं काय

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच तत्त्व माणसाच्या मेंदूवर वापरलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरलं, त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला आणि समोर बसलेल्या माणसाचा हात आपोआप हलला. कवटी न उघडता, सुई न टोचता. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन हे लांबलचक नाव त्यावरूनच पडलं. रोजच्या बोलण्यात टीएमएस.

वेटोळ्याला सगळे कॉइलच म्हणतात. तिचं क्षेत्र साधारण दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं, पण प्रत्येक ठोका एक मिलिसेकंदही टिकत नाही. नेहमीच्या कॉइलचा परिणाम वरून दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंतच पोचतो. भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डाला त्याहून बराच आत दडलेला असतो. तिथे थेट हात पोचत नाही, म्हणून कपाळाच्या वरच्या भागामागे असलेल्या, भावनांना लगाम घालण्यात वाटा असलेल्या पट्ट्यावर ठोके दिले जातात. त्याला डीएलपीएफसी म्हणतात. कारकुनाकडून काम होत नसेल तर साहेबाला गाठावं, तसा हा प्रकार. साहेबाने खाली निरोप दिला तर काम होतं. दरवेळी तो देतोच असं नाही.

दोन गैरसमज इथेच निस्तरू. हे शॉक ट्रीटमेंट नव्हे. त्यात भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात. टीएमएसमध्ये तुम्ही पूर्ण जागे असता, आकडी येऊ नये याचीच काळजी घेतली जाते आणि सत्र संपल्यावर उठून कामाला जाता येतं. दुसरं, ऑनलाइन मिळणाऱ्या चुंबकाच्या टोप्या आणि कपाळपट्ट्या म्हणजे टीएमएस नव्हे. स्थिर चुंबक कितीही वेळ डोक्याला बांधून ठेवला तरी त्याचं क्षेत्र बदलत नाही, आणि क्षेत्र बदललं नाही तर वीज निर्माण होत नाही. फॅरडेचा नियम टोपी विकणाऱ्यालाही लागू आहे.

पहिली पायरी: पुरावा किती आहे ते समजून घ्या

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, टीएमएसला नैराश्यासाठी 2008 मध्ये, ओसीडीसाठी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती वारंवार करायला लावणारा आजार) 2018 मध्ये आणि धूम्रपान सोडवण्यासाठी 2020 मध्ये परवानगी दिली. पीटीएसडी त्या यादीत नाही. तिथल्या माजी सैनिकांच्या आणि संरक्षण खात्याच्या 2023 च्या संयुक्त मार्गदर्शक सूचना म्हणतात की पीटीएसडीसाठी टीएमएस द्या किंवा देऊ नका, यांपैकी काहीच ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. त्यामुळे कुठलंही केंद्र ‘पीटीएसडीवरचा सिद्ध उपचार’ म्हणून टीएमएस विकत असेल तर तिथून काढता पाय घेतलेला बरा.

याचा अर्थ पुरावा शून्य आहे असाही नाही. 2004 मध्ये 24 रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत उजव्या बाजूला सेकंदाला 10 ठोके दिलेल्यांना खोट्या उपचारापेक्षा (तुलनेसाठी नुसता देखावा, खरे ठोके नाहीत) जास्त आराम पडला. 2018 च्या एका चाचणीत माजी सैनिकांना बोलण्याच्या थेरपीच्या प्रत्येक सत्राच्या अगदी आधी उजव्या बाजूला टीएमएस दिलं. नुसत्या थेरपीपेक्षा ही जोडी सरस ठरली. 2019 मध्ये 50 माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीतही, कमी वेळात जलद ठोके देणाऱ्या थीटा बर्स्ट पद्धतीने, सामाजिक आणि कामकाजाच्या व्यवहारात सुधारणा दिसली.

आता यातली गोम ऐका. 2021 मध्ये एक मोठी, अनेक केंद्रांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णाला स्वतःच्या आघाताची थोडक्यात आठवण करून द्यायची आणि लगेच खोलवर जाणाऱ्या कॉइलने ठोके द्यायचे, अशी तिची रचना होती. दोन्ही गटांना आराम पडला, पण ज्यांना खोटे ठोके दिले होते त्यांना जास्त! आठवण जागी करून वर ठोके दिले की काम झालं, इतकं सोपं हे गणित नाही, एवढं तरी त्यातून उघड झालं. माझ्या मते टीएमएसचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने यशाच्या गोष्टींइतकाच या निकालाचाही विचार करावा.

दुसरी पायरी: आधीचे उपचार नीट झालेत का, ते तपासा

टीएमएस हा पहिला दरवाजा नाही. पीटीएसडीचं निदान व्हायला लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात: नको असताना येणाऱ्या आठवणी आणि दुःस्वप्नं, त्या आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल कडवट झालेले विचार, आणि सतत ताणलेलं, दचकणारं शरीर. ‘मला पीटीएसडी आहे’ हे स्वतःच ठरवून टीएमएस केंद्रात जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडून निदान करून घ्या.

सर्वांत भक्कम पुरावा आघातावर थेट काम करणाऱ्या थेरपींचा आहे: प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणं). औषधांत सर्ट्रलिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही आधी वापरली जातात. यांतलं काहीच पूर्ण केलं नसेल तर आधी तिकडे वळा. ‘थेरपी करून पाहिली, उपयोग नाही झाला’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी दोन-तीन सत्रांनंतर, नेमका आघाताचा विषय निघाल्यावर, जाणं सोडलेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टाळणं हे या आजाराचं लक्षणच आहे. पण डॉक्टरला तसंच सांगा. थेरपीचा उपयोग झाला नाही आणि थेरपी झालीच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढचा निर्णय त्यावर फिरतो.

तिसरी पायरी: धातू, औषधं, आकडी

इथे काही लपवू नका. डोक्यात किंवा डोक्याजवळ चुंबकाने हलणारा, तापणारा धातू अथवा विजेवर चालणारं उपकरण असेल तर टीएमएस बहुधा बाद: कॉक्लिअर इम्प्लांट (कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र), मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड. स्फोटात किंवा गोळीबारात सापडलेल्यांसाठी हा प्रश्न नुसता फॉर्म भरण्यापुरता नसतो. चेहऱ्यात, डोळ्यात, टाळूच्या कातडीखाली छर्ऱ्याचा तुकडा वर्षानुवर्षं राहिलेला असू शकतो आणि तो माणसाला माहीतही नसतो. शंका असेल तर आधी एक्स-रे काढायला सांगा. पेसमेकर असेल तर निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यायचा. दातांतल्या साध्या सिमेंटची सहसा अडचण येत नाही.

मग आकडीचा धोका. टीएमएसमुळे आकडी येणं दुर्मीळ आहे, हजार रुग्णांत एकाहूनही कमी. पण काही गोष्टी तो धोका वाढवतात: पूर्वी आलेली आकडी, डोक्याला झालेली गंभीर दुखापत, ब्युप्रोपिऑन किंवा क्लोझापिनसारखी औषधं, आदल्या रात्रीचं जागरण आणि दारू. दारूबाबत एक नेमकी गोष्ट लक्षात असू द्या: रोज पिणाऱ्याने उपचारासाठी म्हणून अचानक बंद केली तर तेच जास्त धोक्याचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेंझोडायझेपीन गोळ्यांचंही तसंच. त्यांच्यामुळे टीएमएसचा परिणाम कमी होऊ शकतो, पण मनाने बंद केल्या तर आकडी येऊ शकते. आणि पीटीएसडीत झोप मोडणं नेहमीचंच असल्यामुळे ‘काल किती झोपलात’ हा प्रश्न तुम्हाला रोज विचारला गेला पाहिजे. नाही विचारला तर तुम्हीच सांगा.

चौथी पायरी: केंद्राला विचारायचे प्रश्न

कोणत्या बाजूला देणार? नैराश्यासाठी सहसा डावी बाजू वापरतात, पीटीएसडीच्या चाचण्यांत बहुतेकदा उजवी. ठोक्यांचा वेग किती? ढोबळ मानाने सेकंदाला एक ठोका मेंदूचा तो भाग शांत करतो आणि दहा ठोके तो चेतवतो, असं म्हणतात. गंमत अशी की पीटीएसडीत उजव्या बाजूला दोन्हींचा फायदा झाल्याचं दिसलं आहे, त्यामुळे ‘आमचाच वेग बरोबर’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा संशयाने पाहा. सत्रं किती, लक्षणं कशाने मोजणार, खोलीत कोण असणार, आकडी आलीच तर काय करणार, आणि सोबत थेरपी कोण देणार, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘थेरपीची गरज नाही’ असं उत्तर आलं, तर मी ते केंद्र नाकारेन.

पाच दिवसांत सगळा कोर्स संपवण्याच्या जाहिराती दिसतील. दिवसाला दहा सत्रांच्या तशा एका पद्धतीला एफडीएने 2022 मध्ये परवानगी दिली खरी, पण ती नैराश्यासाठी.

पाचवी पायरी: उपचाराआधी खोली बघून या

हीच पायरी सगळे गाळतात आणि नेमकी हीच सगळ्यात महत्त्वाची. उपचार सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी, काहीही न करता, नुसतं बघायला जाऊ द्या अशी विनंती करा.

खुर्चीत बसा. दार कुठे आहे, ते तुम्हाला दिसतं का? पाठ दाराकडे येत असेल तर खुर्ची फिरवता येते का, निदान समोर आरसा ठेवता येतो का, विचारा. कॉइल डोक्यापासून लांब, हवेत धरून दोन-चार ठोके वाजवून दाखवायला सांगा. आधी कानात बोळे न घालता दुरून, मग बोळे घालून जवळून. आवाज अचानक कानावर पडण्यापेक्षा तुम्ही सांगितल्यावर पडला तर शरीर त्याला वेगळ्या तऱ्हेने घेतं. प्रत्येक ठोक्यांच्या मालिकेआधी ‘आता सुरू करतो’ असं बोलायचं ठरवून घ्या. ठोके ठरावीक अंतराने येतात, त्यामुळे किती सेकंद चालू आणि किती सेकंद बंद हे कळलं की पुढचा टकटकाट कधी येणार ते मोजता येतं, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीची धास्ती कमी होते.

स्पर्शाचंही आधीच बोलून घ्या. टोपी चढवताना, डोक्यावर खुणा करताना, कॉइल टेकवताना ऑपरेटरला डोक्याला हात लावावाच लागतो. लावण्याआधी दर वेळी सांगा, मागून येऊ नका, समोरून या, एवढं सांगायला संकोच नको. पुरुष की स्त्री ऑपरेटर हवा, हेही सांगण्यासारखं असेल तर सांगा. कारण द्यायची गरज नाही. काही ठिकाणी डोकं पट्ट्याने किंवा दोन्ही बाजूंच्या गाद्यांनी स्थिर करतात. ज्याला कधी जबरदस्तीने धरून ठेवलं गेलं आहे त्याला हे असह्य होऊ शकतं. पट्ट्याशिवाय, हाताने कॉइल धरून करता येतं का ते विचारा.

आणि थांबवण्याची खूण ठरवा. हात वर केला की ठोके बंद, प्रश्न न विचारता. ती खूण पहिल्याच दिवशी एकदा मुद्दाम वापरून पाहा. खरोखर थांबतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे ती वापरायची वेळ कमी येते.

सहावी पायरी: पहिला दिवस

पहिल्या सत्राला जास्त वेळ लागतो. हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर कॉइल ठेवून, दहापैकी पाच ठोक्यांना अंगठा हलेल इतका कमीत कमी जोर शोधतात. हा तुमचा मोटर थ्रेशोल्ड. उपचाराचा जोर त्याच्या टक्क्यांत ठरतो, म्हणून प्रत्येकाचा आकडा वेगळा. आपण न हलवता आपला अंगठा उडताना पाहून काहींना हसू येतं, काहींना आपलं शरीर आपल्या ताब्यात नाही या भावनेने धस्स होतं. असं होणार हे आधी ठाऊक असलं की बरं. मग डोक्याची मापं घेऊन उपचाराची जागा ठरते.

दागिने, चष्मा, श्रवणयंत्र, केसांतल्या पिना काढून ठेवा. फोन आणि बँकेची कार्डंही लांब.

सातवी पायरी: रोजची सत्रं

नेहमीचा कोर्स आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. एक सत्र पद्धतीनुसार तीन मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंत. कपाळावर सुतारपक्षी चोच मारतोय असं वाटतं, भुवई किंवा पापणी फडफडते, कधी जबडा खेचला जातो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं नेहमीचं. साध्या वेदनाशामकाने सहसा भागतं. जोर एकदम पूर्ण न देता काही सत्रांत हळूहळू वाढवता येतो. कानात बोळे घालणं दर वेळी सक्तीचं, ऑपरेटरलासुद्धा.

सत्रात झोपू नका. डोळे मिटले की जुनी दृश्यं येत असतील तर डोळे उघडे ठेवून खोलीतली एखादी वस्तू न्याहाळा, किंवा ऑपरेटरशी साध्या गप्पा मारा. आघाताची आठवण मुद्दाम काढायची की नाही, हे स्वतः ठरवू नका. 2021 ची चाचणी आठवा. ते काम थेरपिस्टसोबतच्या खोलीत. थेरपीची वेळ शक्य असेल तर त्याच दिवशी टीएमएसनंतर ठेवा, कारण जिथे जोडीचा फायदा दिसला तिथे क्रम तसाच होता.

आठवी पायरी: आकड्यात मोजा

‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला पीटीएसडी असलेला माणूस बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी पीसीएल-5 ही 20 प्रश्नांची यादी सुरू करण्याआधी आणि मग दर आठवड्याला भरा. बेरीज 0 ते 80 मध्ये येते. साधारण 10 ते 15 गुणांची घट झाली तर फरक दखल घेण्याजोगा मानतात. तुमच्यासोबत राहणाऱ्या एखाद्याला वेगळी नोंद ठेवायला सांगा: रात्री किती वेळा उठलात, किती वेळा ओरडलात, बाहेर जेवायला गेलात का. सुधारणा कधी कधी घरच्यांना आधी दिसते.

मध्येच एखादा आठवडा वाईट जाऊ शकतो. झोपेची गरज एकदम कमी झाली, विचार धावू लागले, खर्चाचा किंवा बोलण्याचा ताबा सुटला, तर लगेच डॉक्टरांना कळवा, विशेषतः घरात कुणाला बायपोलर असेल तर. आणि जीव द्यावासा वाटू लागला तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. त्याच क्षणी डॉक्टर, आपत्कालीन सेवा किंवा जवळच्या माणसाला गाठा.

कोर्स संपताना

काही केंद्रं शेवटची सत्रं आठवड्यातून तीन, दोन, एक अशी कमी करत नेतात. फायदा झाला असेल तर त्याच काळात थेरपी जोरात चालू ठेवा. भीती थोडी सैल झालेली असताना टाळलेल्या गोष्टींकडे वळणं सोपं जातं. फायदा झाला नसेल तर तेही नोंदवून घ्या आणि आणखी सत्रं विकत घ्यायची घाई करू नका.

निघताना एक कागद मागून घ्या. त्यावर कॉइलचा प्रकार, बाजू आणि जागा, मोटर थ्रेशोल्ड, दिलेला जोर, वेग, प्रत्येक सत्रातले ठोके, एकूण सत्रं आणि सुरुवातीचे-शेवटचे पीसीएल-5 गुण लिहिलेले असावेत. वर्षभराने लक्षणं परतली आणि तुम्ही दुसऱ्याच केंद्रात गेलात, तर तिथला डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारणार आहे. त्याच कागदाच्या मागे तुमच्या खुर्चीचं तोंड कुठे हवं आणि थांबण्याची खूण कोणती, हेही लिहून ठेवा.